डावी मूठ

आमच्या ह्यांचा डावा हात नेमका कधी जायला लागला हे कोणीच सांगू शकत नाही, कारण त्या सगळ्या काळात आम्ही मोटरसायकलचा क्लच दुरुस्त करत होतो. हे मी आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत नेऊन शेवटी धक्का द्यायचा, हे मला जमत नाही. ज्या घरात तो धक्का बसून गेलाय त्या घरातल्या बाईला त्यात गंमतही वाटत नाही.

गाडी विलायती. सिकंदराबादचा रेल्वेतला कोणी साहेब मुलूख सोडून निघाला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याकडून घेतलेली. मी पुण्याहून लग्न होऊन चिक्कडपल्लीच्या घरात आले तेव्हा ती जिन्याखाली चादर पांघरून उभी होती, आणि सासूबाईंनी घरातली माणसं दाखवावीत तशी मला तीही दाखवली. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे सगळंच उफराटं. दुसऱ्या कोणाला चालवायला दिली की तो पहिल्याच वळणावर ब्रेक म्हणून गिअर दाबायचा आणि घाबरून गाडी परत आणून द्यायचा. ह्यांना त्याचा फार अभिमान होता. आपल्याशिवाय कोणाला जमत नाही असं माणसाकडे काहीतरी एक असावं लागतं. ह्यांच्याकडे ही गाडी होती.

सासरची माणसं मूळची उदगीरकडची, निजामाच्या राज्यातली शेती करणारी. सासरे शिकून शहरात आले, नोकरीला लागले, पण बोलणं शेतातलंच राहिलं. जे हातात धरायचं त्याला ते मूठ म्हणायचे. नांगराला मूठ, जात्याला मूठ, तशी मोटरसायकललाही मूठ. क्लचचा दांडा ती डावी मूठ, ब्रेकचा दांडा ती उजवी मूठ. मुलाला गाडी शिकवली ती याच शब्दांत, आणि मुलानं तेच शब्द आयुष्यभर वापरले. मी सुरुवातीला चिडवायचे, की आमच्या पुण्यात मूठ हाताची असते नाहीतर तांदळाची. त्यावर हे म्हणायचे, इथं मूठ म्हणजे मूठ. पुढे मीही तसंच बोलायला लागले. आमचा मुलगाही तसंच बोलतो. या एका शब्दानं आम्हाला किती फिरवलं, ते पुढे येईलच.

क्लच म्हणजे काय हे ह्यांनी मला लग्नानंतर पोळ्यांच्या चवडीवरून समजावलं होतं. आत पातळ चकत्यांची एक चवड असते, तेलात भिजलेली. स्प्रिंगा ती चवड घट्ट दाबून धरतात तेव्हा इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. मूठ दाबली की चकत्या एकमेकींपासून सुट्या होतात आणि चाक मोकळं होतं. पण गाडी रात्रभर उभी राहिली की चकत्या पोळ्यांसारख्या चिकटतात. म्हणून सकाळी इंजिन चालू करण्याआधी मूठ दाबून धरायची आणि नुसत्या किका मारायच्या. पहिल्या किका जड जातात. मग एक किक अशी येते की पाय एकदम सहज खाली जातो. सुटला, असं ते म्हणायचे आणि मगच दाराबाहेर निघायचे. आमच्या घरात सकाळी देवाची घंटा आणि ह्यांची ती किक साधारण बरोबरच व्हायची.

हे रेल्वेतून निवृत्त झाल्यावर रविवारी आम्ही दोघं सिकंदराबादला मोंडा मार्केटात भाजीला जायचो. मी मागे, मांडीवर पिशव्या. अशाच एका रविवारी नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना तिनं अचानक पुढे उडी घेतली आणि बंद पडली. माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं. मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. त्यांनी रस्त्याच्या कडेला ढकलत नेली, मूठ दोन-चारदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "डावी मूठ पुरती मिटत नाही."

अगदी हेच शब्द. आजही मी ते मनात उलटेपालटे करून बघते. मराठी येणाऱ्या कोणत्याही डॉक्टरनं हे वाक्य ऐकलं असतं तर आधी त्यांचा हात हातात घेतला असता. आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता, आणि बोलणाऱ्यालाही तोच ठाऊक होता. ते स्वतः हाताबद्दल बोलतच नव्हते. त्यांना खरोखर क्लचच म्हणायचं होतं.

फोनवर मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला की बाबा, आता ती विका आणि बिनगिअरची स्कूटर घ्या. हे भडकले. म्हणाले, "ज्या दिवशी मला ती चालवता येणार नाही त्या दिवशी मीच विकीन. क्लच चिकटतो म्हणून गाडी विकतात का?" मला त्यांचं पटलं होतं. मी त्या गाडीला आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत, माझ्या साड्यांना तिच्या तेलाचे डाग आहेत, पण ती गेल्यावर हे घरात बसून नुसते पंख्याकडे बघत राहतील याची मला भीती होती.

गाडी उस्तादांकडे गेली. सिकंदराबादच्या एका बोळात त्यांचं गॅरेज आहे, आणि जुन्या गाड्यांबद्दल त्यांच्याइतका आत्मविश्वास असलेला माणूस मी पाहिला नाही. चुकतानासुद्धा तो आत्मविश्वास कमी होत नाही. त्यांनी झाकण उघडलं, चकत्या काढून पेट्रोलमध्ये धुतल्या, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर एकेक घासली. ज्या डब्यात चकत्या बसतात त्याच्या खाचांना दात पडले होते, ते कानशीनं सपाट केले. सांगितलं, बस, आता लोणी. आणि खरंच, घरी आल्यावर आठवडाभर गाडी बरी चालली. मग पुन्हा सिग्नलला उडी, पुन्हा भोंगे.

यातली वाईट गोष्ट ही की प्रत्येक वेळी काहीतरी दोष सापडायचाच. एवढी जुनी गाडी, उघडली की काही ना काही झिजलेलं असायचंच. एकदा स्प्रिंगा कमीजास्त आवळलेल्या निघाल्या, एकदा केबलच्या दोन तारा तुटलेल्या, एकदा तेलच चुकीचं. आणि गाडी उस्तादांकडे असायची तेवढे दिवस हाताला आराम मिळायचा, त्यामुळे परत आल्यावर पहिले काही दिवस मूठ मिटायची. आम्हाला वाटायचं, दुरुस्ती लागू पडली. आजार इतका लबाड असेल असं कोणाला वाटणार? मी तक्रार घेऊन गेले की उस्ताद म्हणायचे, परसों ही तो खोला था. हैदराबादेत परसों म्हणजे परवाही असतो आणि गेला दसराही. त्यावरून मी त्यांच्याशी वाद घालायचे आणि हे मध्ये पडून चहा मागवायचे. बरे दिवस होते ते. हे म्हणताना मला राग येतो, पण होते.

हाताचं काहीच दिसत नव्हतं असं नाही. शर्टाची बटणं ते एकट्या उजव्या हातानं लावायला लागले होते. नारळ फोडताना तो डाव्या हातातून निसटला. एकदा ताट सांडलं. पण त्यालाही आमच्याकडे कारण तयार होतं. इतका जड क्लच रोज ओढून हात थकणारच, असं ते म्हणायचे आणि मी रात्री तेल चोळून द्यायचे. क्लच नीट झाला की हातही नीट होईल. सगळं कसं बरोबर जुळत होतं.

मग एका दुपारी आम्ही दोघं गॅरेजात होतो. उस्तादांनी कुठून तरी मिळवून नवी केबल घातली होती, तेल पाजलं होतं, आणि आता याहून चांगला क्लच विलायतेतही सापडणार नाही असं जाहीर केलं होतं. ह्यांनी मूठ ओढली. ती निम्म्यावर येऊन थांबली. त्यांनी पुन्हा ओढली, ओठ दाबून. निम्म्यावरच. उस्तादांनी स्वतः ओढली, ती सहज हँडलला टेकली. त्यांना वाटलं साहेब मस्करी करतायत. म्हणाले, भाभी, तुम्ही बघा बरं. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन बोटांनी ओढली. टेकली.

लोणच्याच्या बरणीचं झाकण मी आयुष्यात कधी स्वतः उघडलेलं नाही. ते उघडायला मी ह्यांच्याकडे द्यायचे.

उस्ताद हसले. "क्या साब, भाभी दो उंगली से खींच दिये. आप नाश्ता नै करे क्या?"

 मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो मांसाचा उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. पाणी आटलेल्या डबक्यासारखा. कातडीखाली बारीक फडफड चालली होती. रोज तेल चोळणारी मी, पण अंधारात चोळायचे, टीव्ही बघत. त्यांनी माझी नजर पाहिली आणि हात खिशात घालायला गेले. तो खिशात पटकन गेला नाही.

हिमायतनगरच्या डॉक्टरांनी हाताला सुया लावून तपासण्या केल्या. कधीपासून, असं विचारल्यावर हे म्हणाले, परसों से. डॉक्टर हैदराबादचेच, त्यांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. का, ते माहीत नाही. थांबवता येत नाही. डाव्या हातानंतर उजवा, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. एक गोळी आहे, तिनं थोडा वेळ मिळतो. फार नाही.

मी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. ते मला धीर द्यायला सांगत होते आणि मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. फरक पडला असता असं म्हणाले असते तर मी स्वतःवर चिडले असते, उस्तादांवर, त्या शब्दावर, सासऱ्यांवर. चिडायला कोणीतरी हवं होतं. फरक पडला नसता म्हटल्यावर कोणाची चूकच नाही, आणि ज्यात कोणाची चूक नाही ते दुरुस्त कोण करणार?

आम्ही रिक्षानं निघालो. नारायणगुड्याच्या आसपास हे म्हणाले, "मूठ हलकी करून घेऊ." मी मनात म्हटलं, बोलू दे.

पण ते खरंच गेले. उस्तादांना सगळं सांगितलं. उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, आणि कामाला लागले. क्लचच्या खालच्या टोकाला लांब दांडी बसवली, त्यामुळे कमी जोर लागतो. स्प्रिंगा थोड्या सैल केल्या. मूठ हलकी झाली. हे पुन्हा गाडी काढायला लागले, आणि मी पुन्हा मागे बसायला लागले. मुलगा फोनवर ओरडला की आई, तुला तरी अक्कल नको का. नव्हती. त्या दोन-तीन आठवड्यांत मला खरंच वाटायला लागलं होतं की डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असेल. मोंड्यावरून येताना मी त्यांच्या खांद्याला धरून बसायचे आणि मनातल्या मनात बोलायचे, बघा, चालवतायत.

मग पुन्हा मूठ निम्म्यावर थांबायला लागली. पुन्हा उस्ताद, आणखी लांब दांडी, आणखी सैल स्प्रिंगा. पण यंत्रातही फुकट काही मिळत नाही. दांडी जितकी लांब तितकी मूठ हलकी, पण आतल्या चकत्याही तितक्याच कमी उघडतात. म्हणजे इतके दिवस जो क्लच चिकटत नव्हता तो आता खरोखर चिकटायला लागला, आणि तो आम्हीच चिकटवला होता. स्प्रिंगा सैल केल्या तर चकत्या एकमेकींवरून घसरायच्या. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि शेजारून सायकलवाला पुढे जायचा. हाताला झेपेल आणि गाडीलाही चालेल असा क्लच कुठेतरी मध्ये असेल म्हणून उस्ताद आणि हे शोधत राहिले. दर वेळी ती जागा आणखी अरुंद झालेली असायची.

शेवटी उस्तादांनीच हात टेकले. पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "साब, इससे हल्का करे तो क्लच क्लच नै रहता."

ह्यांनी मान हलवली. थोडा वेळ गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले, उजवा. मग म्हणाले, "पुराने स्प्रिंग लगा देओ. ढीली गाडी किसीको देना नै."

अशी गाडी विकायची ठरली. कोणी त्यांना सांगितलं नाही, मुलानंही नाही. त्यांनी शब्द दिला होता तो पाळला. उस्तादांनी लांब दांडी काढली, जुन्या स्प्रिंगा पहिल्यासारख्या आवळल्या, आणि ज्याला आता तो क्लच कधीच ओढायचा नव्हता त्या माणसानं समोर स्टुलावर बसून एकेक स्प्रिंग किती आवळायची ते सांगितलं. मला हे सगळं असह्य होत होतं. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

घ्यायला आला तो पुण्याचाच मुलगा, इथं कंपनीत नोकरीला, जुन्या गाड्यांचं वेड असलेला. मराठी बोलायचा पण दर वाक्यात अर्धं इंग्रजी. त्यानं मूठ ओढली आणि तोंड वाकडं केलं. "काका, क्लच खूप हार्ड आहे."

"असायलाच हवा," हे म्हणाले. त्या संपूर्ण वर्षात त्यांच्या तोंडावर मी समाधान पाहिलं ते तेवढंच. मग त्यांनी त्याला सकाळच्या किका समजावल्या, उजवा पाय, डावा पाय समजावला, आणि तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत फाटकात उभे राहिले. जिन्याखालच्या फरशीवर तेलाचा डाग राहिला. मी तो सोड्यानं घासला. निघाला नाही.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. उजवा हात गेला. जिना चढणं गेलं, मग बिछाना खालच्या खोलीत आला. फिजिओथेरपीची एक तेलुगू मुलगी घरी यायला लागली. तिनं मला शिकवलं की रोज सकाळी त्यांची बोटं एकेक करून उघडायची. हातात जोर नसला तरी बोटं आत वळून आखडतात, आणि तशीच राहिली तर हात कायमचा मिटून बसतो. यानं बरं होणार नाही, तिनं स्पष्ट सांगितलं, फक्त आखडू द्यायचं नाही. मी रोज डावा हात मांडीवर घ्यायचे. करंगळीपासून सुरुवात. बोटं इतकी आखडलेली असायची की उघडताना ते डोळे मिटून घ्यायचे आणि मी मनात कोणाकोणाला शिव्या द्यायचे. मग उजवा हात. त्यात सकाळ जायची.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी करंगळी धरली आणि ती सहज उघडली. मग तिच्या शेजारची. मग सगळा हातच माझ्या मांडीवर पसरला, तळवा वर, कुठेही अडकला नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा तळवा गालाला लावला. म्हटलं, "अहो, आज हात किती मोकळा झालाय बघा." ते माझ्याकडे बघत होते. आता शब्द जड येतात, पण म्हणाले, "हो. बरं वाटतंय."

मी उठून पोहे केले, नारळ घातला, कोथिंबीर घातली. त्यांच्यासाठी मिक्सरमधून पातळ पेज काढली. मुलाला फोन करावा असं मनात आलं, मग म्हटलं, ती मुलगी येऊन बघू दे, मग करू.

ती आली, तिनं बोटं उघडून मिटून पाहिली, कोपर पाहिलं, आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली की आंटी, ही सुधारणा नाही. आखडायलासुद्धा स्नायूत थोडा जीव लागतो. आता तेवढाही उरलेला नाही, म्हणून हात मोकळा वाटतोय. मी बरं म्हटलं. गॅसवरची पेज उतरवली. तिला चहा दिला.

ती गेल्यावर मी खोलीत गेले आणि त्यांच्या उशाशी बसले. 

"सांगितलं तिनं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांना सकाळपासून ठाऊक होतं.

"जरा उशिरा सांगायला हवं होतं," ते म्हणाले. एकेक शब्द वेगळा येत होता. "तू गुणगुणत होतीस."